भिंतीवरचा बंब

बॉयलर बघायला माणूस येणार म्हटलं की मी सगळ्यात आधी बादली लपवायचे. निळी प्लास्टिकची बादली, तिच्यात पितळी तांब्या आणि टबात बसायला घेतलेलं बुटकं स्टूल. तिन्ही वस्तू उचलायच्या, टॉवेलांच्या कपाटात खालच्या फळीवर ढकलायच्या आणि दार घट्ट लावून घ्यायचं. मग टब कोरडा पुसायचा, शॉवरचा पडदा सरळ करायचा. कुणी म्हणेल, बॉयलरवाल्याला तुझ्या बादलीचं काय पडलंय गं बाई? पण चाळीस वर्षांची सवय अशी जात नाही.

त्याला कारण घडलं होतं. अमेरिकेत येऊन सहा महिनेही झाले नव्हते. तेव्हाच्या अपार्टमेंटचा मॅनेजर काहीतरी बघायला आला. बाथरूममध्ये बादली बघून त्यानं आधी छताकडे पाहिलं आणि विचारलं, "गळतंय का?" आता त्याला कसं सांगायचं की आम्ही दोघं उच्चशिक्षित माणसं तुझा शॉवर सोडून बादलीत पाणी घेऊन आंघोळ करतो? माझ्या तोंडून निघून गेलं, "हो." दुसऱ्या दिवशी त्यानं दोन माणसं पाठवली. ती शिडी लावून अर्धा दिवस छत ठोकत बसली आणि मी स्वयंपाकघरात लाजेनं अर्धी झाले. आमचे हे संध्याकाळी येऊन पोट धरून हसले. त्या दिवसापासून गोऱ्या माणसाच्या नजरेला माझी बादली पडली नव्हती.

'हे' म्हणजे माझे यजमान. इथल्या युनिव्हर्सिटीत मशीनं शिकवायचे. स्टेट कॉलेज नावाच्या या गावातलं आमचं घर जुनं, दोन मजली, खिडक्यांखाली गरम पाण्याचे लोखंडी रेडिएटर असलेलं. तळघरात पूर्वी दोन धुडं होती: घर तापवणारा बॉयलर आणि त्याच्या शेजारी गरम पाण्याची उंच टाकी. गेल्याच्या गेल्या वर्षी ती टाकी गळायला लागली, तशी ह्यांनी दोन्ही धुडं काढायला लावली आणि भिंतीवर एक पांढरी पेटी टांगून घेतली. किचनमधल्या कपाटाएवढी. तिला म्हणे कॉम्बी बॉयलर म्हणतात. घराची ऊबही तीच देते आणि आंघोळीचं पाणीही तीच तापवते.

"आणि साठवण?" मी विचारलं.

"साठवण नाहीच. हीच तर गंमत आहे," हे म्हणाले. "तू वर नळ उघडलास की इथं ज्योत पेटते. पाणी जाता जाता तापतं. नळ बंद, ज्योत बंद. आणि तू पाणी घेत असलीस ना, की तेवढा वेळ ही पेटी रेडिएटरला थांबायला सांगते. आधी माणूस, मग घर."

"म्हणजे बंबच की," मी म्हणाले. "इकडून थंड घाला, तिकडून गरम घ्या."

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बंबात पाणी साठतं, इथं साठत नाही, बंबाला जाळ घालावा लागतो, हा स्वतः पेटतो, असं मला पंधरा मिनिटं ऐकवलं. पण नाव पडायचं ते पडलंच. आठवड्याभरात हेही म्हणायला लागले, "बंबाचं प्रेशर बघून येतो." पेटीखाली त्यांनी एक कागद चिकटवला होता, मराठीत, त्यांच्या त्या किरट्या अक्षरात. काटा हिरव्यात हवा. लाल दिवा लागला तर हे बटण. पाइपातून बाहेर पांढरी वाफ दिसली तर घाबरू नये. मला ते समजावून सांगायला बोलवायचे. मी जायची नाही. मला काय करायचंय, तुम्ही आहात ना.

आता ह्यांची एक वाईट खोड सांगते. हे दाढी करताना गरम पाण्याचा नळ सुरू ठेवायचे. साबण लावण्यापासून तोंड पुसण्यापर्यंत, भडाभडा. मी वाढलेय सोलापुरात. आमच्याकडे नळाला पाणी यायचं ते तीन-चार दिवसांआड, तेही मर्जी असेल तर. आईनं शिकवलेलं, नळाची धार करंगळीपेक्षा जाड दिसली की पाठीत धपाटा. त्यामुळे बायका पदर धरतात तसा मी नळ धरते, जरा म्हणून सैल सोडत नाही. सकाळी सात वाजता मी मोठ्या बाथरूममध्ये बारीक धारेनं बादली लावायची आणि ती भरेपर्यंत केसांना तेल लावत बसायची. पलीकडच्या लहान बाथरूममध्ये ह्यांची दाढी आणि तो धो धो नळ. माझं डोकंच फिरायचं. "अहो, नळ!" मी ओरडायची. "हो, हो," म्हणत हे बंद करायचे, पण दाढी झाल्यावर. रविवार नाही, दिवाळी नाही, रिटायर झाले तरी नाही, रोज तेच. आमच्या संसारात मोठी भांडणं फार झाली नाहीत. हे एवढंच झालं, पण ते रोज.

मागच्या ऑगस्टमध्ये हे गेले. दोन दिवस हॉस्पिटल, बस. मला वाटलेलं, घरी आणू तेव्हा जिना चढता येणार नाही, खाली पलंग टाकावा लागेल. पलंगाचं मनात ठरवत होते आणि हे गेलेसुद्धा. घर माणसांनी भरलं, पुन्हा रिकामं झालं. मुलगी मला तिच्याकडे, दूर दक्षिणेत अल्फारेटाला घेऊन गेली. तिथं तीन महिने राहिले.

मुलगी चांगली आहे, हे आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारी तक्रारी करत बसलीय. बेसमेंटमध्ये मला वेगळी खोली, वेगळं बाथरूम, छोटंसं किचन. कोथिंबीर पाहिजे तेव्हा मिळते, मराठी माणसं पायलीला पन्नास. पण सकाळी आठ वाजता सगळे बाहेर पडायचे आणि संध्याकाळी सहाला सगळे घरात यायचे, आपापल्या स्क्रीनसमोर. वरून पावलांचे आवाज येत. मी खाली बसून कोण चाललंय ते ओळखायची. म्हटलं, एकटंच राहायचं तर आपल्या घरात राहावं.

मुलगी ऐकेना. शेवटी ठरलं ते असं: एक हिवाळा मी एकटीनं काढून दाखवायचा. मार्चपर्यंत सगळं नीट चाललं तर घर माझं, मी माझी. काही बिनसलं तर घर विकायचं आणि कायमचं अल्फारेटाला. "डील?" ती म्हणाली. "लिहून देऊ का?" मी म्हणाले. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंग झालं आणि मी परत आले.

पहिल्याच सकाळी सातला बादली लावली, केसांना तेल लावलं, पाण्यात हात घातला तर बर्फ! म्हटलं, घर बरेच दिवस बंद होतं, जरा वेळ लागेल. दहा मिनिटं थांबले. बर्फच. तळघरात जाऊन ह्यांचा कागद वाचला. काटा हिरव्यात होता. लाल दिवा नव्हता. रेडिएटर गरम होते. म्हणजे बंब घर तापवत होता आणि मला मात्र पाणी देत नव्हता. त्या दिवशी गॅसवर मोठ्या पातेल्यात पाणी तापवलं आणि दोन फडक्यांनी धरून जिना चढून वर नेलं. भांड्यांना गरम पाणी लागत नाही मला, थंड पाण्यानंच विसळते, आणि डिशवॉशर आमच्याकडे भांडी निथळायला आहे. घोडं अडायचं ते आंघोळीशीच.

बॉयलरवाल्याला फोन केला. बादली लपवली. पन्नाशीचा माणूस, तांबूस दाढी, दारातच बुटांवर निळ्या पिशव्या चढवल्या. तळघरात जाऊन पेटी उघडली, काय काय तपासलं, मग वर येऊन टबाचा गरम नळ उघडला. जुनी दोन चाकांची तोटी आमची, त्यानं चाक पुरतं फिरवलं. मिनिटभरात वाफ यायला लागली.

"लुक्स गुड, मॅम."

मी बघतच राहिले. वाफेनं आरसा धुरकट झाला. "सकाळी नव्हतं," मी म्हणाले, तर मलाच ते शाळेत 'गृहपाठ हरवला' म्हटल्यासारखं वाटलं. त्याला आल्याचा चहा दिला. तो ओट्याला टेकून उभ्याउभ्या प्यायला, आवडला म्हणाला. त्याच्या आईची चौकशी करणारा कुणाचा तरी फोन आला तेव्हा बाजूला जाऊन बोलला. वीस मिनिटं माझ्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी थंड.

मी दहा दिवस पातेली वाहिली. फोनवर मुलीला सांगितलं, सगळं मस्त चाललंय. शेजारीण येऊन गेली, हेही सांगितलं. खरं तर शेजारीण फ्लोरिडाला गेली होती, एप्रिलपर्यंत. आमच्या वेळची मराठी मंडळीही एकेक करून मुलांकडे गेली. कुणाकडे दिवाळीचा चिवडा द्यायला जावं असं घर उरलं नव्हतं. मग पुन्हा बॉयलरवाल्याला फोन केला. बादली लपवली. तो आला, नळ पुरता उघडला, पुन्हा वाफ! मेल्या बंबाला त्याच्यासमोरच कसा उत्साह येतो कळेना. या वेळी त्यानं मला जवळ बोलावलं आणि चाकावरचं अक्षर दाखवत हळूहळू म्हणाला, "हे एच, मॅम. एच म्हणजे हॉट."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बी.एस्सी. झालेली बाई मी, मला एच शिकवतोय! चहा तरीही दिला. पण साखर कमी घातली.

त्याच संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल. घराच्या दुरुस्तीचं सगळं तिच्या नावावर आहे, त्यामुळे त्यानं तिला फोन केला होता.

"आई, ही वॉज व्हेरी नाइस अबाउट इट," ती म्हणाली. तिचा आवाज इतका मऊ झाला की मला धोक्याचं वाटलं. "तो म्हणतो बॉयलर फाइन आहे. ही थिंक्स... मेबी यू जस्ट वॉन्ट समवन टु कम ओव्हर."

"काय? मला माणूस हवा म्हणून मी बॉयलर बिघडवते?"

"आई, नोबडी इज सेइंग दॅट."

"अगं, पाणी थंड येतं! बर्फासारखं! मी काय खोटं बोलतेय?" हातवारे करायला गेले आणि मनगट कॅमेऱ्यासमोर आलं. दोन दिवसांपूर्वी जिन्यात पातेलं हिंदकळलं होतं, त्याचा लालभडक चट्टा. तिनं तो पाहिला. मग सगळं बाहेर आलंच, पातेलं, जिना, सगळं. ती आधी ओरडली, मग रडली. मग डोळे पुसून ऑफिसातल्यासारखी बोलायला लागली. पुढच्या शुक्रवारचं तिकीट काढते. सोमवारी तिथल्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेते. फक्त स्मरणशक्तीची बेसलाइन टेस्ट. तीन शब्द सांगतात, पाच मिनिटांनी परत विचारतात.

"आणि घर?" मी विचारलं.

"आई, लेट्स नॉट वेट टिल मार्च."

फोन ठेवला. राग होताच, पण खरं सांगू? रागाखाली भीती होती. त्याच्यासमोर गरम येतं आणि माझ्यासमोर थंड येतं, तर बिघाड कुणात आहे? डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाला ते कळतं का? हे असते तर एका वाक्यात सांगितलं असतं, तुझं चुकतंय किंवा त्याचं चुकतंय. चाळीस वर्षं मी दोन माणसांचं डोकं वापरत होते आणि आता एकच उरलं होतं, तेही तपासायला निघालं होतं.

आणखी एक कबूल करते. दुसऱ्यांदा बॉयलरवाल्याला फोन करताना मला जरा बरं वाटलं होतं. आलं किसताना बरं वाटलं होतं. म्हणून मुलीचं ते बोलणं इतकं झोंबलं. तो माणूस खोटं बोलला असता तर मी हसून सोडून दिलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी स्वतःची परीक्षा घ्यायला लागले. सकाळी उठल्यावर स्वतःला तीन शब्द द्यायची: चाळणी, सोलापूर, छत्री. चहा झाला की आठवायची. आठवायचे. मग दुपारी विचारायची. आठवायचे. पण शब्द देणारी मीच आणि विचारणारी मीच, त्यात काय राम! मोठ्यानं म्हणून बघितलं तर रिकाम्या घरात माझाच आवाज घुमला आणि मी दचकले.

शुक्रवारचं विमान. बुधवारी मी तिसऱ्यांदा फोन केला. कंपनीतली बाई पत्ता न विचारताच म्हणाली, पाठवते. मी बॅग अर्धी भरली होती. ह्यांचे दोन स्वेटर त्यात घातले होते, काढले होते, परत घातले होते. दारावरची बेल वाजायच्या आधी सवयीनं वर गेले, बादली उचलली, कपाट उघडलं. आणि काय झालं कोण जाणे, तशीच उभी राहिले. आता कुणापासून लपवायचं? मुलगी मला वेडी समजते, हा मला वेडी समजतो, सोमवारी डॉक्टर समजेल. वेडीच ठरायचं तर बादलीसकट ठरू. बादली परत टबात ठेवली. तांब्या ठेवला. स्टूल ठेवलं.

तो आला. बुटांवर पिशव्या चढवल्या, वर आला, बादली पाहिली आणि छताकडे बघत म्हणाला, "गळतंय का?"

चाळीस वर्षं गेली तरी प्रश्न तोच! मला हसू फुटलं, इतक्या दिवसांनी, आणि हसता हसता बोलून गेले, "नाही. मी अशी आंघोळ करते. बादलीत पाणी घेते, या तांब्यानं अंगावर घेते. आमच्याकडे अशीच करतात."

तो हसला नाही. गुडघ्यावर बसून त्यानं तांब्या हातात घेतला, वजन बघितलं आणि जागेवर ठेवला. मग म्हणाला, "दाखवा मला. रोज सकाळी जसा नळ उघडता, अगदी तसाच उघडा."

मी चाक एवढंसं फिरवलं. करंगळीएवढी धार बादलीत पडायला लागली. त्यानं धारेखाली बोट धरलं. आम्ही दोघं थांबलो. पाणी थंड, थंडच. तो उठून तळघरात गेला. खालून ओरडला, "सुरू आहे?" मी वरून ओरडले, "सुरू आहे!" मग तो वर आला तो जिना दोन दोन पायऱ्यांनी चढत.

"मॅम, यू आर नॉट क्रेझी," तो म्हणाला.

अगबाई!

त्यानं समजावलं ते असं. पेटीत पाण्याच्या वाटेवर एक लहानसं चाक असतं. पाणी जोरात गेलं की ते फिरतं, ते फिरलं की पेटीला कळतं, वर कुणीतरी नळ उघडलाय, मग ती ज्योत पेटवते. धार फार बारीक असली तर चाक पुरेसं फिरतच नाही. रेडिएटरचं पाणी वेगळ्या वाटेनं फिरतं, म्हणून घर गरम राहतं. टाकी असती तर थेंब थेंब घेतलं असतं तरी गरम मिळालं असतं, कारण तिथं ते आधीच तापून बसलेलं असतं. इथं नाही. "मी प्रत्येक वेळी नळ पुरता उघडत होतो," तो म्हणाला. "तुम्ही कसा उघडता ते मी विचारलंच नाही. तुम्ही इथं आहात हे त्या पेटीला कळतच नव्हतं."

माझा जीव भांड्यात पडला. एवढंच? आईचा धपाटा आणि माझी लपवालपवी, एवढ्यासाठी मी घर गमावणार होते? पहिल्याच दिवशी बादली दाखवली असती तर पातेली वाहावी लागली नसती. मी कपाळावर हात मारून घेतला.

त्यानं पेटीवरची तारीख आठवून मान हलवली. "पण ही बसवून वर्ष होऊन गेलं. मागचा अख्खा हिवाळा तुम्ही असंच पाणी घेत होता?"

"असंच."

"आणि गरम यायचं?"

"रोज."

"हे जमत नाही," तो म्हणाला आणि दाढी खाजवत बाहेर बघायला लागला. मग म्हणाला, "त्याच वेळी घरात दुसरा एखादा गरम नळ सुरू असेल तर जमेल. दोन्ही नळांचं पाणी त्या एकाच चाकावरून जातं. थांबा, बघू." तो पॅसेज ओलांडून लहान बाथरूममध्ये गेला. त्यानं बेसिनचा गरम नळ उघडला. भडाभडा आवाज यायला लागला.

मी बारीक धारेखाली हात धरला. आधी काही नाही. मग पाण्याची थंडी मोडली. मग कोमट. मग हाताला चांगलं गरम पाणी लागलं, सकाळी सातला लागायचं तसं.

मी टबाच्या कडेवर खाली बसले. पलीकडून नळाचा तोच आवाज येत होता. चाळीस वर्षं मी ज्या आवाजावर ओरडले तो आवाज. मागचा सबंध हिवाळा माझी बादली ह्यांच्या नळानं तापत होती, आणि मी इकडून त्यांनाच ओरडत होते, बंद करा, बंद करा. त्यांनाही माहीत नव्हतं. माहीत असतं तर मला सोडलं असतं होय? महिनाभर चिडवलं असतं.

"मॅम? ऑल राइट?" तो दारात उभा होता.

"तिथं माझे मिस्टर दाढी करायचे," मी म्हणाले. "नळ सुरू ठेवून."

मागं वळून त्यानं तो नळ बंद केला, हळूच. माझ्या हाताखालचं पाणी थोड्या वेळात थंड झालं. मी रडले, त्याच्यासमोर रडले. त्याची मला लाज वाटली नाही.

नंतर मीच त्याला मुलीला फोन लावायला सांगितलं, स्पीकरवर. त्यानं सगळं सांगितलं, दाढीच्या नळाचंसुद्धा: बॉयलर ठीक आहे, आई ठीक आहे, चूक माझी, मी विचारायला हवं होतं.

"बाबांचा नळ," मुलगी मराठीत म्हणाली. "आई, तू केवढी ओरडायचीस."

"हो."

"सॉरी, आई. तिकीट कॅन्सल करते." मग म्हणाली, "अपॉइंटमेंटपण. मार्चचं मार्चला बघू."

चहा झाला. या वेळी साखर नीट घातली. निळ्या पिशव्या बुटांवरून काढत त्यानं सांगितलं, आता मला बोलवायची गरज पडणार नाही, नळ जरा मोकळा उघडत जा, एवढंच. त्याची गाडी गेल्यावर कप विसळायला घेतला तेव्हा लक्षात आलं, खरंच आता त्याला बोलवायला काही कारण उरलं नव्हतं. घर माझं राहिलं होतं. मी वर जाऊन अर्धी भरलेली बॅग रिकामी केली आणि ह्यांचे स्वेटर खणात ठेवले.

आता मी नळ मोकळा उघडते. बादली बघता बघता भरते, तेल लावायला वेळही मिळत नाही. सोलापूरचं मन कळवळतं, पण सवय होतेय.

पण बॉयलरवाला येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तसं केलं नाही. सातला लहान बाथरूममध्ये गेले आणि ह्यांच्या बेसिनचा गरम नळ भडाभडा सोडला. मग मोठ्या बाथरूममध्ये येऊन माझी करंगळीएवढी धार लावली, स्टुलावर बसले आणि केसांना तेल लावायला घेतलं. खाली बंब पेटला असणार. खिडकीखालचा रेडिएटर गप्प झाला. बाहेर भिंतीतल्या पाइपातून पांढरी वाफ निघाली आणि मी घाबरले नाही. हात घातला तर पाणी गरम.

बादली गळ्यापर्यंत आली. पलीकडे पाणी धो धो वाया चाललेलं.

"अहो, नळ!" मी ओरडले.

नळ वाहतच राहिला. मग तेलकट हात टॉवेलला पुसले, उठून पलीकडे गेले आणि बंद केला.